सुप्रबुद्धाला मागे बसवू नका



वर्षावासात आपल्या धामणगाव रेल्वेला, दत्तापूरला आणि आसपासच्या खेड्यांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होत असते. अशाच एका संध्याकाळी वाचन आटोपल्यावर एक माउली मागे थांबली. तिच्या घराने दोन वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतली आहे. तिचा मुलगा जन्मापासून पायांनी अधू. त्याला विहारात का आणत नाही, असे मी विचारले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "लोक पायतात ना जी. मनतात, मांगच्या जल्माचं पाप हाये. खरं हाये का जी थे?"

बंधूंनो, हा प्रश्न एकट्या तिचा नाही. घरातले देव आपण नदीत सोडले, पण त्या देवांनी मनात ठेवलेली भीती अजून आपल्या घरात बिनभाड्याने राहते आहे. ती बाहेर काढल्याखेरीज दीक्षा पुरी झाली असे म्हणता येणार नाही. म्हणून त्या माउलीला जे सांगितले तेच आज सर्वांपुढे मांडतो.

आपल्या गावात पोलिओने पाय गेलेली माणसे आहेत. त्यांनाही लोक मागच्या जन्माचेच सांगत होते. पुढे लस आली. देशभर बाळांच्या तोंडात दोन थेंब पडू लागले. भारतात नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारताला पोलिओमुक्त ठरविले. आता मला सांगा, २०११ नंतर जन्मलेल्या सगळ्या बाळांचे मागचे जन्म एकाएकी पुण्यवान झाले काय? पाप धुतले गेले नाही, रोगाचे कारण दूर झाले. कारण दूर करा म्हणजे दुःख दूर होते, हेच तथागतांनी सांगितले होते.

दुसरे उदाहरण तर आपल्या रक्तातले आहे. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो. लेकराचे हातपाय ठणकतात, ते रात्रभर रडते आणि घरचे अंगारा लावतात. आई आणि बाप दोघेही सिकलसेलचे वाहक असले, तर प्रत्येक वेळी चारात एक इतका धोका असतो की मूल हा आजार घेऊन जन्मेल. हा रक्ताचा हिशेब आहे, पापपुण्याचा नव्हे. लग्नापूर्वी पत्रिका पाहू नका, रक्त तपासा. आणि ज्याला आजार आहे त्याला अंगाऱ्याऐवजी दवाखान्यात न्या.

मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने भगवंतांना हेच विचारले होते की, माणसाला होणारी प्रत्येक वेदना पूर्वकर्मामुळेच होते काय? भगवंत म्हणाले की, पित्त, कफ, वात, ऋतूचा पालट, मार लागणे अशी अनेक कारणे डोळ्यांसमोर असतात. सर्व काही पूर्वकर्मानेच घडते असे म्हणणारे आपल्या ज्ञानापलीकडचे बोलतात. आणि परमपूज्य बाबासाहेबांनी तर मागच्या जन्माच्या कर्माचा सिद्धांत उघडा करून दाखविला. गरिबाच्या आणि दलिताच्या दुःस्थितीची जबाबदारी समाजाला टाळता यावी, याखेरीज त्याचा उपयोग तो काय, असे त्यांचे म्हणणे. ज्या काठीने आपल्याला पिढ्यानपिढ्या मारले, तीच काठी उचलून आपण आपल्याच लेकराला मारायची काय?

आता ग्रंथातला सुप्रबुद्ध आठवा. राजगृहाचा हा महारोगी, दरिद्री, लोकांनी टाकलेला. दुरून मोठी गर्दी पाहिली आणि इथे अन्न वाटत असतील म्हणून तो जवळ आला. अन्न नव्हते, भगवंत उपदेश करीत होते. तो एका कडेला बसला. भगवंतांनी सभेवर नजर फिरवली आणि इथे धम्म समजू शकेल असा कोण आहे, ते पाहिले. ती नजर सुप्रबुद्धावर थांबली, आणि त्याच्यासाठी त्यांनी दान, शील इथपासून आरंभ करून उपदेश केला. सबंध सभेत वाणी वळली ती त्या महारोग्याकडे! मूळ पाली कथेच्या अखेरीस त्याच्या पूर्वजन्माची गोष्ट येते. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात ती घेतली नाही. का घेतली नाही, ते आता तुम्हाला समजले असेल.

दुसरी ती खुज्जुत्तरा. कोसंबीच्या राणी सामावतीची ही दासी पाठीने कुबडी. रोज आठ नाण्यांची फुले आणायला जायची, चार नाण्यांची आणायची आणि चार स्वतःजवळ ठेवायची. एके दिवशी माळ्याच्या घरी तिने भगवंतांचा उपदेश ऐकला आणि त्या दिवशी आठही नाण्यांची फुले आणली. राणीने विचारले तेव्हा तिने काही लपविले नाही. राणीने तिला शिक्षा केली नाही. आसनावर बसवून, तू ऐकलेस ते आम्हाला सांग, असे म्हटले. मग रोज ऐकायचे आणि येऊन राजवाड्यातल्या स्त्रियांना शिकवायचे, हेच तिचे काम झाले. बहुश्रुत उपासिकांमध्ये तिला भगवंतांनी अग्रस्थान दिले. 'इतिवुत्तक' हा ग्रंथ तिच्या स्मरणातून आला असे परंपरा सांगते. तिची पाठ कुबडीच राहिली. वाढली ती बुद्धी, वाढला तो मान. आणि हे घडले कारण कुणीतरी तिला आसन दिले.

खुद्द बाबासाहेबांचे अखेरचे दिवस पाहा. मधुमेहाने शरीर पोखरलेले, पाय दुखत, दृष्टी मंदावलेली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्याला धम्म देताना त्यांच्या हाती काठी होती. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहायला १९५१ पासून पाच वर्षे लागली, ती अशाच प्रकृतीत. ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी आजाराचे चढउतार सांगून माईसाहेबांचे आणि डॉ. मालवणकरांचे ऋण मान्य केले. एवढा महामानव दुसऱ्याचा आधार मोकळ्या मनाने मान्य करतो, तर हात धरून चालण्यात आपल्याला कमीपणा का वाटावा? आणि हेही ध्यानात ठेवा की, उतारवयात ते व्हायोलिन शिकत होते. आनंदासाठी ते शरीर धडधाकट होण्याची वाट पाहत बसले नाहीत.

आपल्याच जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या अपंग मुलामुलींना बापाचे नाव दिले. त्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. ज्या लोहमार्गावर आपले धामणगाव आहे त्याच मार्गावरच्या जळगाव स्थानकावर एक दृष्टिहीन तान्ही मुलगी बेवारस सापडली होती. वझ्झरला वाढून, ब्रेल शिकून, पदवीधर होऊन तीच माला पापळकर २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखकाची परीक्षा उत्तीर्ण झाली. पण उपासकांनो, यातून भलताच बोध घेऊ नका. प्रत्येक अपंगाने परीक्षा जिंकूनच आपली किंमत सिद्ध करावी असे नाही. बोध हा की, टाकले तेव्हा ती ओझे होती आणि धरले तेव्हा माणूस झाली. मुलगी तीच होती.

म्हणून घरी काय करावे? प्रथम वाणी शुद्ध करा. लंगड्या, आंधळ्या, बहिऱ्या, येडा अशी हाक मारणे शीलवंताला शोभत नाही. त्याला त्याच्या नावाने बोलवा. दुसरे, त्याला कामात घ्या. तूर निवडणे असो, कापसाच्या वजनाचा हिशेब ठेवणे असो, वंदनेच्या वेळी मेणबत्ती लावणे असो, जमेल ते त्याचे काम ठरवून द्या. 'बाजेवर बसून राह्य' हे प्रेम नव्हे. आपले काम झाले याचा आनंद रोज मिळतो आणि फुकट मिळतो. तिसरे, शिकवा. 'शिका' हा आदेश फक्त धडधाकटांना दिलेला नाही. चौथे, विहाराच्या पायऱ्यांशेजारी सिमेंटचा उतार बांधा. १९२७ साली महाडला आपण ज्या पाण्यासाठी लढलो, तिथवर जाण्याची वाट आपल्याला बंद होती. आज आपल्याच पायऱ्या आपल्याच माणसाची वाट बंद करीत असतील, तर ती लाज आपली आहे.

आणि हक्क ओळखा. संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये वृद्धत्व आणि आजार यांच्याबरोबर विकलांगताही आली आहे. अशा वेळी साहाय्य द्यावे असे राज्याला सांगितले आहे. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारचे अपंगत्व मानले असून त्यात सिकलसेलही आहे. शासकीय नोकरीत चार टक्के जागा राखीव आहेत. अमरावतीला जाऊन प्रमाणपत्र काढा, कार्ड करून घ्या. आता 'दिव्यांग' असे गोड नाव दिले गेले आहे. कुणाला ते आवडत असेल तर माझे भांडण नाही. पण 'हरिजन' म्हटल्याने आपल्याला पाणी मिळाले नव्हते, एवढे विसरू नका. नाव कोणतेही असो, हक्क पदरात पडला पाहिजे.

वेदना नाही असे मी म्हणत नाही. दुःख आहे, हेच तर पहिले आर्यसत्य. म्हाताऱ्या, आजारी नकुलपित्याला भगवंतांनी सांगितले की, शरीर आजारी असले तरी मन आजारी होऊ देणार नाही, असा अभ्यास कर. अभ्यास म्हणजे रोज थोडे थोडे. आज दहा मिनिटे श्वासाकडे पाहिले, उद्या एक गाथा पाठ झाली, परवा शेजाऱ्याच्या पोराला पाढे शिकविले.

ती माउली पुढच्या पौर्णिमेला मुलाला घेऊन आली. तो दारातच बसत होता, आम्ही त्याला पुढे घेतले. त्याला चांगले वाचता येते हे आम्हाला ठाऊकच नव्हते. सुप्रबुद्धाचे प्रकरण त्यानेच वाचले. अखेरीस सुप्रबुद्ध परत जाताना त्याला एका गुराने मारले, हे वाचून तो थांबला आणि म्हणाला, "मंग ऐकून त्याले काय भेटलं जी?"

मी म्हणालो, "बाळा, भाकरीसाठी आलेला माणूस त्या दिवशी माणसांत बसला. भगवंत त्याच्याशी बोलले आणि त्याला समजले. तो आला भिकारी म्हणून आणि उठला उपासक म्हणून. आयुष्य किती उरले होते ते त्याला ठाऊक नव्हते. आपल्याला तरी कुठे ठाऊक आहे?"

त्याने पान उलटले आणि पुढचे वाचू लागला.

उपासकांनो, तुमच्या घरात जो मागे बसलेला आहे त्याला येत्या पौर्णिमेला पुढे आणा.

भवतु सब्ब मंगलम्. जय भीम.