वॉरंटी संपल्यानंतर

गेल्या पावसाळ्यात एके पहाटे आमचा फोन चालू होईना. रात्री चार्जरला लावून झोपलो होतो. गजर वाजलाच नाही आणि सकाळच्या मिस्साला दहा मिनिटे उशीर झाला. कोणी काही बोलले नाही. पुढच्या बाकावरच्या दोघी आजींनी मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, ते आम्ही पाहिले.

लोक सांगतात ते सर्व करून झाले. दुसरी केबल, दुसरा चार्जर लावून अर्धा तास ठेवला. चार्जिंगच्या भोकात साठलेला मळ लाकडी काडीने हलकेच काढला. पॉवरचे आणि आवाज कमी करण्याचे अशी दोन्ही बटणे वीस सेकंद दाबून धरली. कधी कधी नुसता पडदा गेलेला असतो आणि आत फोन चालू असतो, म्हणून ऑफिसमधून त्याला रिंग देऊन पाहिली. वाजली नाही. स्वयंपाकाच्या मावशींनी तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितले. फोन भिजलेला नव्हता, आणि भिजलेल्या फोनलाही तांदळाची पूड आत जाऊन अपायच होतो. पण मावशींनी डबा आधीच उघडून ठेवला होता, त्यामुळे नाही म्हणणे जड गेले.

सर्व्हिस सेंटरमधल्या तरुणाने मशीनला लावून पाहिले. "फादर, पाच वर्षांचा फोन आहे, वॉरंटी एक वर्षाची होती. बोर्ड बदलावा लागेल. अकरा हजार. आतले सगळे जाईल. त्यापेक्षा नवीन घ्या." तो नम्रपणे बोलला आणि हिशेबाने त्याचे बरोबरच होते.

आम्ही नवीन घेतलाही असता. पण त्या फोनमध्ये एक निरोप अडकला होता, आणि तो आमचा नव्हता.

आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध बाई. बारीक अक्षरे टाइप करणे जमत नसे, म्हणून त्या व्हॉट्सअॅपवर बोलून निरोप पाठवत. ईस्टरनंतर त्यांचा चार मिनिटांचा एक निरोप आम्हाला आला. "बाळा, जेवलास का?" अशी सुरुवात. अर्ध्या मिनिटात लक्षात आले, की हा कुवेतमधल्या मुलासाठी आहे. यादीत बोट चुकले आहे. आम्ही ऐकणे थांबवले आणि मुलाला पाठवून देऊ म्हटले. त्याचा नंबर आमच्याकडे नव्हता. रविवारी बाई भेटतील तेव्हा घेऊ. त्या रविवारी भेटल्या, आम्ही विसरलो. पुढच्याही रविवारी विसरलो. जूनमध्ये त्या गेल्या. मुलगा अंत्यविधीला आला, आम्ही त्याचे सांत्वन केले, आणि तेव्हाही आम्हाला आठवले नाही.

तो परत गेल्यावर बहिणीने त्याला सांगितले, की आई म्हणाली होती, तुझा निरोप चुकून फादरांना गेला. त्याने पॅरिश ऑफिसात फोन केला तो आमचा फोन बंद पडला त्याच आठवड्यात. आईचा फोन तोवर सगळा पुसून नातवाला दिला होता. आमच्या फोनची नक्कल ऑनलाइन साठवली जात नव्हती, कारण जागा संपल्याची सूचना आम्ही कित्येक महिने बोटाने बाजूला सारत होतो.

वॉरंटी हे तारीख घातलेले वचन आहे. ती तारीख उलटली, की वचन मोडले असे म्हणता येत नाही; ते पाळून संपलेले असते. याचा अर्थ निर्मात्याचे पुढे काहीच देणे लागत नाही, असाही नाही. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. युरोपीय संघात २० जून २०२५ पासूनच्या नियमांनुसार स्मार्टफोनचे ठरावीक सुटे भाग, त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षे उपलब्ध ठेवावे लागतात. आपल्याकडेही अशी सक्ती व्हावी, असे आमचे मत आहे. पण सर्व्हिस सेंटरबाहेर रिक्षाची वाट पाहताना आम्हाला कंपनीचा राग आला, तेव्हा जाणवले, की हा राग फार सोयीचा आहे. कंपनीच्या कर्तव्याला निदान तारीख होती. आमच्या कर्तव्याला तारीख नव्हती, म्हणून ते 'आज' करायचे असे कधी झालेच नाही. ज्याला मुदत नाही ते कायम लागू असते, असे आपण वर्गात शिकतो आणि घरी त्याचा अर्थ 'कधीही केले तरी चालेल' असा घेतो.

स्टेशनजवळच्या गाळ्यात एक मुलगा फोन दुरुस्त करतो. त्याने पहिला प्रश्न विचारला, "फादर, फोन पाहिजे की आतले?"

आम्ही म्हटले, आतले. मनात होते, की मेमरीची चिप काढून दुसऱ्या फोनात बसवता येत असेल. पूर्वी नाही का सिम आणि कार्ड काढले की नंबर, फोटो सगळे नव्या फोनात यायचे? तो हसला. आता आतला मजकूर कुलूपबंद असतो आणि त्या कुलपाची किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. नुसती चिप दुसरीकडे बसवली तर हाती काहीच वाचता येत नाही. "आतले पाहिजे तर हाच बोर्ड उठवावा लागेल. थोडा वेळ तरी."

सेमिनरीत आम्हाला प्लेटोचा आत्मा शिकवला होता, देहाच्या कैदेतून सुटून जाणारा. आणि त्यापुढे ॲरिस्टॉटल, ज्याने म्हटले, की मेण आणि मेणावरचा ठसा एकच आहेत का, असे विचारायचेच नसते. परीक्षेपुरते दोन्ही पाठ केले होते. सिमकार्डाच्या काळातले फोन प्लेटोचे होते, आताचे ॲरिस्टॉटलचे आहेत. (दाखला फार ताणू नये, फोनला आत्मा नसतो.) पण "त्यापेक्षा नवीन घ्या" हा सल्ला आम्हाला का पटत नव्हता, ते त्या गाळ्यात उमगले. अकरा हजारांचा नवा बोर्ड सगळ्या दृष्टीने आमच्या बोर्डासारखाच असता. फक्त त्यावर त्या बाईंचा ठसा नसता.

मुलाने बोर्डाला रोझिनचा धूर दिला. सगळ्यावर पांढरा पातळ थर बसला. मग बेताची वीज सोडली. एका ठिकाणी थर वितळून तांदळाच्या कणीहून लहान एक भाग काळा दिसू लागला. शॉर्ट तिथे होता. तो भाग त्याने उपसून काढला. "उठेल असे वाटते. गॅरंटी नाही हं, फादर." आम्ही म्हटले, नको.

फोन उठला. सिम आम्ही एका बटणाच्या फोनात घातले होते, म्हणून मुलाने स्वतःचे इंटरनेट जोडून दिले. मुलाचा नंबर आम्ही या वेळी कागदावर लिहून नेला होता. निरोप पुढे पाठवला. खाली काही लिहायला हवे होते. "उशिराबद्दल क्षमस्व" एवढेच सुचले.

आम्ही बाराशे रुपये देत होतो, तोवर निरोप तिकडे पोहोचल्याची खूण आली. मुलाने विचारले, "चालतो का आवाज, ऐकून बघू?" आम्ही नको म्हटले आणि फोन खिशात ठेवला.