कर्तबगारीच्या आधीचा धडा

3 जानेवारीला मुंबईतल्या मराठी शाळांत छोट्या छोट्या सावित्रीबाई अवतरतात. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, हातात पुस्तक. 8 मार्चला फळ्यावर आनंदीबाई जोशींपासून कल्पना चावलापर्यंतची नावं लिहिली जातात. हे व्हायलाच हवं. प्रश्न आहे तो त्याच वर्गात टाळ्या वाजवणाऱ्या मुलाचा. त्या दिवशी त्याच्या पदरात काय पडतं?

हा प्रश्न सुचायलाही आपल्याला दीडशे वर्षं लागली. 1848मध्ये पुण्यात भिडेवाड्यातली मुलींची शाळा सुरू झाली, 1849मध्ये मुंबईत स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने मुलींचे वर्ग काढले, तेव्हा वाद एकच होता : मुलींनी शिकावं की नाही? पुढच्या पिढीत वाद सरकला. 1884मध्ये पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं. तिथे मुलांसारखाच अभ्यासक्रम शिकवण्यावर टिळकांच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’तून कडक टीका झाली. स्त्रियांसाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षी कर्व्यांनीही 1916मध्ये महिला विद्यापीठ स्थापलं ते स्वतंत्र, गृहजीवनाला जागा देणाऱ्या अभ्यासक्रमाचं. मुलींनी शिकावं हे आता मान्य झालं होतं, पण वेगळं शिकावं ही धारणा टिकून होती. 1962मध्ये नेमलेल्या हंसा मेहता समितीने मुलामुलींचे अभ्यासक्रम समान असावेत, अशी शिफारस केली.

अभ्यासक्रम समान झाला, तरी पाठ्यपुस्तकातली आई चुलीपाशी आणि बाबा वर्तमानपत्र वाचत बसलेले, हे चित्र काही बदललं नाही. 2019मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आईबाबा मिळून भाजी निवडताना दिसले आणि त्याची बातमी झाली. इतक्या साध्या गोष्टीची बातमी व्हावी, यावरूनच वाट किती उरली आहे ते कळतं. त्याआधी 2008पासून मुंबईतल्या 45 महापालिका शाळांत कोरो ही स्वयंसेवी संस्था, टाटा समाजविज्ञान संस्था आणि इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन यांनी एक उपक्रम राबवला होता. सहावी-सातवीतली मुलं-मुली घरातलं कोणतं काम कोण करतं, मारहाण कशाला म्हणायचं, यावर वर्गात बोलू लागली. मुलींना शिकवण्यापासून निघालेला विचार इथे मुलग्यांपर्यंत पोचला. माझ्या मते खरा टप्पा हाच.

कारण कर्तबगारी केवळ अपवाद म्हणून सांगितली, तर नियम तसाच राहतो. ‘ती जिद्दी होती म्हणून जमलं’ असं ऐकणारी मुलगी पुढे अडली, तर दोष स्वतःलाच देते. म्हणून आडवी आलेली भिंत आणि ती पाडायला पुढे आलेले हात, दोन्ही सांगायला हवेत. रखमाबाईंचं उदाहरण मुंबईचंच. अजाणत्या वयात लागलेलं लग्न त्यांनी नाकारलं. 1887मध्ये न्यायालयाने नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात, असं बजावलं. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या. ‘पहिल्या स्त्री-डॉक्टरांपैकी एक’ एवढंच पाठ करणाऱ्या मुलांना या गोष्टीतला कायदा, समाज आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांनी दिलेली साथ कधी कळतच नाही.

मुंबईतल्या घोडपदेव भागातल्या मुलांना तर यासाठी लांब जायलाच नको. न्यू हिंद मिलच्या जागेवर आज म्हाडाच्या इमारती आहेत. कापडगिरण्यांच्या या गिरणगावात वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत हजारो बायकांनी हयात घालवली. त्यांच्या बाळंतपणाच्या रजेचं विधेयक 1928मध्ये मुंबई विधिमंडळात आलं, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तो राष्ट्रहिताचा प्रश्न म्हणून मांडला. 1929मध्ये कायदा झाला. पुढच्या दशकांत मात्र गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण घटत गेलं आणि अनेकींनी घरातच खानावळ घातली. गाळ्यांत राहणाऱ्या, गावाकडे कुटुंब असलेल्या कामगारांना त्यांनी दोन वेळ जेवू घातलं. 1975मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना सावकाराच्या व्याजातून बाहेर पडायला बँकेचं कर्ज मिळवून दिलं.

ही कर्तबगारी फळ्यावरच्या नावांत का नसावी? शिक्षकाने पाचवीच्या वर्गाला खानावळीचा हिशेब करायला द्यावा : धान्य, रॉकेल, व्याज, वसूल न झालेली उधारी. मग त्यात त्या बाईच्या कामाचे तास धरायला सांगावेत. तिची मजुरी कुणीच मांडलेली नाही, हे मुलांना गणितातूनच दिसेल. पुढे प्रत्येकाने आपल्या घरातल्या कामांचा तक्ता आणावा आणि मुलग्यांनी त्यातलं एक काम कायमचं स्वतःकडे घ्यावं.

याने शाळेचा अभ्यास मागे पडणार नाही. इतिहास, गणित आणि नागरिकशास्त्र मुलांच्या जगण्याला भिडतील. सावित्रीबाईंची वेशभूषा मुलीने जरूर करावी. पण शाळेने समता शिकवली असं मी तेव्हाच म्हणेन, जेव्हा तिचा भाऊ घरी जाऊन आपलं ताट स्वतः घासेल आणि त्याबद्दल कुणी त्याचं कौतुक करणार नाही.