मानाचा धनी कोण ?

मान ही वस्तु देणाऱ्याची कीं घेणाऱ्याची, हा प्रश्न वरवर पाहतां शाब्दिक वाटतो. परंतु परकी सत्ता एखाद्या समाजाच्या राजपदांना हात घालते, तेव्हां याच प्रश्नावर माणसांचें स्वातंत्र्य, कधीं प्राणहि, अवलंबून राहतात. पश्चिम आफ्रिकेंतील नायजेरिया देशांत योरुबा लोकांचा इंग्रजी अमलांतील इतिहास या दृष्टीनें मननीय आहे.

योरुबांच्या जुन्या ओयो राज्यांत राजास ‘आलाफिन’ म्हणत. त्याचा मान देवतुल्य. पण त्या मानाला एक भयंकर अट होती. ‘ओयो मेसी’ नांवाच्या सात सरदारांच्या मंडळानें त्याला नाकारलें, तर त्यानें स्वतःच प्राण द्यावा, असा दंडक होता. रीत क्रूर खरी. पण राजाचा मान विनाशर्त नाहीं, हें तत्त्व तिच्या पोटीं होतें. पुढें इंग्रजांनीं देशी राजांच्या द्वारें कारभार चालविण्याचें धोरण स्वीकारलें. राजाचा अधिकार वाढला आणि त्यावरचा लगाम सुटला. सरदार रुष्ट झाले तरी रेसिडेंटसाहेब पाठीशीं असला म्हणजे झालें! १९१६ सालीं इसेयिन व ओकेइहो येथें बंड झालें, तेव्हां लोकांचा रोष या नव्या व्यवस्थेंतील देशी अधिकाऱ्यांवरच उसळला.

लागोसचा राजा एशुगबायी याची कथा याहून बोधप्रद आहे. त्याच्या पदाला ‘एलेको’ म्हणत. १९२० सालीं हर्बर्ट मॅकॉले हे लागोसचे पुढारी जमिनीच्या एका दाव्यानिमित्त लंडनला गेले, तेव्हां राजाचा राजदंड त्यांच्याजवळ होता. तेथील त्यांच्या उद्गारांनीं सरकार चिडलें, आणि राजानें त्यांचा जाहीर इन्कार करावा, अशी मागणी झाली. लेखी खुलासा देण्यास राजा तयार होता. शहरांत दवंडी पिटण्यास मात्र त्यानें नकार दिला. बाहेरच्याला हा हट्ट वाटेल. परंतु कागद सरकारच्या दप्तरांत जातो, दवंडी प्रजेच्या कानीं पडते. ज्यांनीं मान दिला, त्यांच्याच समक्ष तो उतरवून ठेवणें त्याला मान्य नव्हतें. सरकारनें मान्यता काढली, तनखा बंद केला, आणि १९२५ सालीं त्याला ओयोस हद्दपार केलें. दावा प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. कायद्याचा आधार न्यायालयापुढें दाखविल्यावांचून कोणाहि अधिकाऱ्यास प्रजाजनाच्या स्वातंत्र्यावर घाला घालतां येत नाहीं, असें लॉर्ड अॅटकिन यांनीं १९३१ सालीं सांगितलें. त्याच वर्षीं राजा परतला. १९३२ सालीं वारला.

मराठी वाचकास येथें सातारचे छत्रपति प्रतापसिंह आठवतील. १८३९ सालीं दोषाच्या कबुलीवर सही करून गादी राखण्यापेक्षां त्यांनीं पदच्युति पत्करली. त्यांची बाजू मांडण्यास रंगो बापूजी लंडनला गेले. पण त्यांना यश आलें नाहीं.

एक आक्षेप मात्र टाळतां येत नाहीं. एशुगबायीचे विरोधक त्याच्या राजघराण्यांतहि होते. लोक म्हणजे कांहीं एकमुखी देवता नव्हे. त्यांनीं दिलेला मान नेहमीं योग्यच असतो, असेंहि नाहीं. हें सर्व खरें. पण तो वाद ज्यांचा, त्यांनींच मिटवावयाचा असतो. तिऱ्हाइताचा शिक्का त्याचा निकाल लावीत नाहीं, तो केवळ दडपतो.

सत्तेला पद देतां येतें, तनखा देतां येतो, पदव्याहि वांटतां येतात. त्यांनीं भय उपजतें, आर्जव उपजतें. मान उपजेलच असें नाहीं. एखाद्याचा मान कोणाकडून आला हें जाणावयाचें असेल, तर त्याला जाब कोणापुढें द्यावा लागतो, एवढेंच पाहावें.