बारा व्होल्टचा प्रश्न

‘सहायक’ हा शब्द एकदा हुद्द्याला चिकटला की माणसाचं पुढे फारसं काही खरं नसतं. सहायक शिक्षक, सहायक अभियंता, सहायक ग्रंथपाल. यांनी काम करायचं आणि हार दुसऱ्याच्या गळ्यात पडताना टाळ्या वाजवायच्या. त्यामुळे आमच्या साडूंच्या गाडीत एक ‘सहायक बॅटरी’ आहे असं कळलं, तेव्हा मला प्रथम तिच्याबद्दल सहानुभूतीच वाटली.

ही गाडी साडूंनी मुंबईहून वापरलेली घेतली. प्लग-इन हायब्रिड. म्हणजे पेट्रोलवरही चालते आणि घरच्या प्लगला लावून भरलेल्या विजेवरही. आपल्या देशात अशा गाड्या मुळात थोड्या विकल्या गेल्या, आणि त्याही पैसेवाल्यांना. त्यातली एक फिरत फिरत यवतमाळच्या दारव्हा रोडला आली तेव्हा अर्धी गल्ली बघायला जमली. ‘‘पेट्रोल संपलं तर वीज आहे, वीज गेली तर पेट्रोल आहे,’’ साडू प्रत्येकाला सांगत होते. कापसाच्या जिल्ह्यातला माणूस. कापसात तुरीच्या ओळी टाकायच्या, एक पीक गेलं तर दुसरं हाताशी, हे त्यांच्या रक्तातच आहे. दोन घरचा पाहुणा उपाशी ही म्हण त्या वेळी कुणालाच आठवली नाही.

आता या गाडीची अंतर्गत व्यवस्था थोडी सांगायला हवी. पोटात एक मोठी बॅटरी असते, शेकडो व्होल्टची. गाडी ओढते ती हीच. इतक्या व्होल्टचा जिवंत प्रवाह गाडीभर सतत खेळता ठेवणं धोक्याचं, म्हणून गाडी बंद केली की मोठ्या बॅटरीचे दरवाजे बंद होतात. ते पुन्हा उघडायचं आणि गाडीतल्या संगणकांना जागं करायचं काम एका लहान, साध्या, बारा व्होल्टच्या बॅटरीकडे असतं. सरकारी कचेरीचा शिपाई डोळ्यांसमोर आणा. साहेब आले, हेडक्लार्क आले, पण किल्ल्या ज्याच्या कनवटीला तो आला नाही, तर सगळं शासन व्हरांड्यात उभं! लहान बॅटरी उतरली की मोठी काठोकाठ भरलेली असूनही गाडी म्हणजे दीड-दोन टनांचा दगड. बरं, प्लग लावून भागतं म्हणावं, तर तेही नाही. प्लग लागलाय हे ओळखणारा संगणकही तिच्याच जिवावर.

खारीचा वाटा आपण कौतुकाने सांगतो. पण खार आली नसती तरी सेतू झालाच असता, हे वानरांनाही ठाऊक होतं. इथे तशी स्थिती नाही.

या बॅटरीला पूर्वी फार मान होता. मोटारीला हँडल मारून मनगटं मोडण्याचा काळ चार्ल्स केटरिंगच्या स्टार्टरने संपवला. 1912 मध्ये कॅडिलॅकमध्ये तो बसला, आणि तेव्हापासून बॅटरी ही इंजिनाला गदागदा हलवून उठवणारी पैलवान झाली. हायब्रिडमध्ये इंजिन उठवायचं काम बहुधा मोठी बॅटरीच करते. पैलवानाला तालमीतून काढून किल्ल्या सांभाळायला बसवलं. पगार तोच, काम हलकं. पण यात एक गोम आहे. साध्या गाडीची बॅटरी मरणार असली की आधी आठ-पंधरा दिवस कण्हते. सकाळी स्टार्टर ‘घर्र... घर्र...’ असा रडतो, शेजाऱ्यांनाही कळतं. किल्ल्या सांभाळणारी बॅटरी कण्हत नाही. कण्हण्याइतकं जड काम तिला उरलेलंच नसतं. काल होती, आज नाही.

साडूंच्या आईही कण्हणाऱ्यांतल्या नाहीत. छातीत दोन दिवस दुखत होतं, हे त्यांनी तिसऱ्या रात्री दोन वाजता सांगितलं. तेही ‘‘तुमची झोप मोडते रे बाबा’’ अशा सुरात. साडू धावत खाली आले. किल्लीचं बटण दाबलं. दार उघडेना, दिवा लागेना. मोठी बॅटरी संध्याकाळीच कुणीतरी शंभर टक्के पाहिलेली. शेवटी शेजारच्या भाजीवाल्याने आपला जुना टेम्पो काढला, आईंना पुढच्या सीटवर बसवलं, आणि मेथीच्या वासात त्या दवाखान्यात पोचल्या. वेळेवर पोचल्या, एवढंच सांगतो. आज त्या माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत आणि मेथीचे भाव विचारतात.

दुसऱ्या दिवशी गाडी कशीबशी जागी केली, तर समोरच्या पडद्यावर दोषांची अशी यादी उमटली की पंचांग बरं. नागपूरच्या एका वर्कशॉपने फोनवरच मोठी बॅटरी गेल्याचं निदान करून लाखांचा आकडा सांगितला. साडूंना आता त्यांनाच दवाखान्यात न्यावं लागणार, अशी चिन्हं दिसू लागली. तेवढ्यात आर्णी रोडचा एक वायरमन मीटर घेऊन आला. मागची डिकी उघडून त्याने दोन टोकांना दोन काड्या लावल्या आणि म्हणाला, ‘‘काऊन घाबरता भाऊ? मोठी टनाटन हाय. लहानी मेली. लहानीले ताकद नसली की हे संगणक भ्रमिष्टासारखे बोलतात.’’ नवी बॅटरी घातली आणि सगळे दोष एका झटक्यात नाहीसे झाले.

आता प्रश्न असा, की ही बॅटरी मारली कुणी? वापरलेली वस्तू घेणं म्हणजे दुसऱ्याचं संचित विकत घेणं. मुंबईच्या मालकाने गाडी महिनोन्‌महिने तळघरात उभी ठेवली असणार. उभी गाडीही पूर्ण झोपत नाही. कुलूप, गजर, किल्लीची चाहूल घेणारा कान हे जागेच असतात. समजा हे सगळे मिळून पन्नास मिलिअँपियर खातात. दिवसाला सव्वा अँपियर-तास झाले. पंचेचाळीसची बॅटरी अठरा-वीस दिवसांत अर्धी. शिसं आणि आम्ल यांची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट धरतं, आणि ते मग चार्जरलाही दाद देत नाही. हे झालं प्रारब्ध. क्रियमाण एवढंच उरतं, की नवीचे हाल करू नयेत. गाडी तासभर शांत उभी राहिल्यावर मीटर लावायचा. 12.6 म्हणजे पोट भरलेलं, 12.2 म्हणजे अर्धपोटी, 12 च्या खाली म्हणजे उपास. गाडी ‘तयार’ स्थितीत न आणता नुसती गाणी ऐकत बसायचं नाही, कारण तेव्हा मोठी बॅटरी धाकटीला घास देत नाही. किल्ली गाडीजवळच्या खुंटीला टांगायची नाही. आणि आमच्या मे महिन्याच्या उन्हात, जिथे माणसांचंही पाणी आटतं, गाडी सावलीत लावायची.

साडू आता दर रविवारी मीटर लावतात. एकदा मी त्यांना छेडलं, ‘‘ही सेवा म्हणायची की स्वार्थ? रात्री दोनला अडकू नये म्हणूनच ना हे?’’ ते चिडले. ‘‘मग पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बैलाचे खांदे तूप-हळदीने चोळतो, ते काय असतं? परवा औताला जुंपायचा म्हणूनच की!’’

मला हे उत्तर निम्मं पटतं. शेतकरी बैलाचा खांदा चोळतो तेव्हा त्याच्या बोटांना जखम लागते, आणि क्षणभर तरी त्याला औत आठवत नसेल. कारण स्वार्थाचं असलं तरी हात खऱ्या खांद्यावर पडतो. न कण्हणाऱ्याची विचारपूस करायला काही कारण तर लागतंच. निव्वळ प्रेमापोटी दर रविवारी आईचा रक्तदाब घेणारे किती सापडतात? साडू हल्ली बॅटरीचा मीटर झाला की आत जाऊन आईंच्या दंडाला तो दुसरा पट्टा बांधतात. आई म्हणतात, ‘‘आधी गाडी, मग मी.’’ क्रम चुकलाय, हे मलाही मान्य आहे. पण पूर्वी दोन्ही नव्हतं.

या सगळ्यात खरा पेच गेल्या महिन्यात आला. भाजीवाल्याचा टेम्पो सकाळी उठेना. तो वायर घेऊन साडूंच्या दारात. ‘‘काका, तुमच्या गाडीवरून जरा झटका द्या ना.’’ आणि या गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे, की दुसऱ्याकडून झटका घ्यावा, पण दुसऱ्या वाहनाला देऊ नये. डिझेल इंजिन ओढायला लागणारा प्रवाह तिच्या नाजूक व्यवस्थेला झेपत नाही. रात्री दोन वाजता ज्याने आईला नेलं, त्याला पुस्तिका वाचून दाखवायची? साडू गोरेमोरे झाले. मग आत गेले, बॅटरीचा चार्जर आणली लांब वायर, टेम्पोची बॅटरी उतरवून घेतली, अंगणात प्लगला लावली आणि दोघं पायरीवर चहा घेत बसले. आईंनी मेथी निवडायला घेतली. तीन तास लागतील, साडू म्हणाले.

दहाव्या मिनिटाला लाइट गेली.