साथ, शासन आणि बंद दार

सप्टेंबर १९९४ च्या अखेरीस सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली आणि काही दिवसांत लाखो माणसांनी ते शहर सोडले. त्यांतली कित्येक बडोद्यावरूनच पुढे गेली. दांडिया बाजारातील आमच्या घराच्या जाळीबाहेर एका संध्याकाळी आईचे मावसभाऊ दोन मुलांना घेऊन उभे राहिले. घरात माझी आठ महिन्यांची मुलगी होती. मी जाळी उघडली नाही. आईने खिडकीतून पाण्याचा तांब्या आणि पोळ्यांचा डबा दिला. मामा म्हणाले, “बरोबर केलंस. लहान मूल आहे घरात.” आणि मुलांना घेऊन स्टेशनच्या दिशेने चालू लागले. पुढे त्याच मुलीच्या लग्नाला ते आले, पंगतीत बसले; त्या संध्याकाळचा विषय कधीच निघाला नाही.

मी चुकलो का? पाहुण्याला दारातून परत पाठवणे हा अधर्म, तसेच पाळण्यातल्या जिवाला धोक्यात घालणे हाही अधर्मच. वर्षानुवर्षे मी हा खटला माझ्याच विरुद्ध चालवला. आता वाटते, तो प्रश्न चुकीच्या दारावर येऊन थांबला होता. प्लेगवर औषध होते. टेट्रासायक्लिनच्या साध्या कॅप्सूल, पण घबराटीत त्या दुकानांतून नाहीशा झाल्या. आलेल्या माणसाची तपासणी होईल, चार दिवस त्याला सन्मानाने ठेवून घेतले जाईल, अशी जागा कुठे असलीच तरी तिचा पत्ता माझ्यापर्यंत पोहोचला नव्हता. आखाती देशांनीही तेव्हा भारताची विमाने थांबवली. जाळीआडून मी जे केले, तेच राष्ट्रांनी विमानतळांवर केले. फरक इतकाच की त्यांना कोणी ‘बरोबर केलंत’ म्हणाले नाही.

शासनाची पूर्वतयारी आपण खाटा, औषधे आणि यंत्रे यांच्या हिशेबात मोजतो. मला तिचा नैतिक अर्थ निराळा दिसतो. सामान्य माणसावर शौर्य किंवा क्रौर्य यांपैकी एक निवडण्याची पाळी न येऊ देणे, हे तिचे खरे काम. १८९७ च्या पुण्यातील प्लेगमध्ये सावित्रीबाई फुल्यांनी आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेले आणि त्याच रोगाने १० मार्चला त्या गेल्या. त्यांच्यापुढे नतमस्तक व्हावे. पण प्रत्येक घरी सावित्रीबाई असतील असे गृहीत धरून राज्य चालवता येत नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. सरकारला हवे ते तात्पुरते नियम करण्याचा अधिकार त्यात आहे, नियम मोडणाऱ्याला शिक्षा आहे, सद्भावनेने काम करणाऱ्याला दाव्यापासून संरक्षण आहे. दवाखाना उभारण्याचे, औषध साठवण्याचे, अलग ठेवलेल्या माणसाला जेवू घालण्याचे बंधन मात्र सरकारवर कुठेच नाही. रँडसाहेबांचे सोल्जर पुण्याच्या माजघरांत शिरले आणि पुढे जूनमध्ये त्यांच्यावर गोळी झाडली गेली, या इतिहासाची उजळणी नको. कर्तव्यावाचून अधिकार घेऊन आलेल्या शासनाला लोक रोगाइतकेच घाबरतात, एवढे त्यातून दिसले.

न आलेल्या रोगासाठी राखलेला पैसा आजच्या क्षयरोग्याच्या तोंडचा घास असतो, हा आक्षेप मी हलका मानत नाही. रिकामी खाट हा खर्चच आहे. पण पूर्वतयारीचा मोठा भाग रिकामा बसून राहत नाही. सयाजीराव महाराजांनी आजव्याचा तलाव बांधवून १८९२ पासून बडोद्याला नळाचे पाणी दिले. त्या पाण्याने टळलेला पटकी कोणी मोजला नाही, मोजता येणारही नाही. सुरतेतही १९९५ नंतर एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत कचरा नियमाने उचलला जाऊ लागला आणि शहराचा कायापालट झाला. तिथे धाडसाचे असे काही नव्हते. रोज सकाळी झाडू फिरत होता.

ज्या वाघोडिया तालुक्यात आजवा आहे, त्याच तालुक्यातील एका गावात २०१८ मध्ये पटकीची लागण झाली आणि प्रशासनाने १८९७ चाच कायदा लागू केला. मार्च २०२० मध्ये देशभर पुन्हा तोच निघाला. एप्रिलच्या अध्यादेशाने त्यात आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यांसाठी कडक शिक्षा आली. ती हवीच होती. रोग्याप्रती कर्तव्याचे कलम तेव्हाही आले नाही, आणि चार तासांच्या सूचनेवर देश बंद झाल्यानंतर मजूर पायी निघाले. १९९४ मध्ये माणसे रोगापासून पळत होती; या वेळी ती उपासमारीपासून पळत होती.

मामा तोवर हयात नव्हते. त्यांचा धाकटा मुलगा सुरतेतच असतो. त्या मार्चमध्ये त्याचा फोन आला. येऊ का, असे विचारायला नव्हे. आम्ही येत नाही, काळजी करू नका, एवढे सांगायला. मी “बरं” म्हणालो.