पाण्यातला हात

एका पातेल्यात गार पाणी घ्या. तळाशी चार-दोन खडे, एखादा चिंचोका आणि काकडीची एक फोड सोडा. आता डोळे मिटून हात पाण्यात घाला. घाई नको.

खडा कुठला, चिंचोका कुठला, हे बोटांनाच ओळखू द्या. डोळे उघडावेसे वाटतील. वाटू द्या.

उत्तर अमेरिकेत ओढ्याकाठी रॅकून नावाचा प्राणी रात्री असाच बसतो. पुढचे पंजे पाण्यात चाचपत असतात, नजर मात्र भलतीकडेच. खेकडा सरकला, बेडूक हलला की बोटांना कळतं. त्याच्या नखांच्या वरच्या बाजूला स्पर्श टिपणारे बारीक राठ केस असतात, आणि पंजाची कातडी ओली झाली की तिला स्पर्श अधिकच कळतो.

आता हाच रॅकून पिंजऱ्यात आहे असं मनात आणा. समोर मासळीचा तुकडा आयता ठेवलेला. तो तुकडा उचलतो, पाण्याच्या भांड्याशी जातो, बुडवतो, चोळतो, सोडतो, पुन्हा चाचपून धरतो. माणसांना वाटलं, धुतोय. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं त्याच्या नावातच ‘धुणारा’ हा शब्द घातला. जर्मन लोक त्याला ‘धुणारं अस्वल’ म्हणतात. पण १९६३ साली लंडनमध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं, की खाणं मळकं आहे की स्वच्छ, याच्याशी त्या बुडवण्याचा संबंध नाही. ओढा नाही, म्हणून तो भांड्यालाच ओढा करतो आणि हातातलीच वस्तू पुन्हा शोधतो.

इथे थोडं थांबा. श्वास येऊ द्या, जाऊ द्या. रॅकूनचं पोट भरलेलं आहे, हात उपाशी आहेत. ही भूक कशी असेल?

त्याचा नातलग कोआटी मातीत नाक खुपसून किडे हुडकतो. त्याला नुसत्या सिमेंटच्या फरशीवर ठेवलेलं मला बघवत नाही. भरलेलं ताट समोर सरकवलं की रॅकून लठ्ठ होतो, आणि शोधायला काही उरत नाही. प्राणी सांभाळणारी जाणती माणसं त्याचं खाणं उथळ पाण्यात, गोट्यांखाली, ओंडक्याच्या भोकांत दडवतात. तेवढंच खाणं मग त्याला कितीतरी वेळ पुरतं.

तुमचा हात अजून पाण्यातच आहे. काकडीची फोड सापडली? लगेच तोंडात घालू नका. पुन्हा सोडा, आणि शोधा.