अंतर पडणे व अंतर देणे

दोन गावांमधील अंतर कोसांत मोजावे की दिवसांत, हा प्रश्न वरवर पाहता भूगोलाचा वाटतो. परंतु थोडा विचार केला असता तो नीतिशास्त्राच्या प्रांतात शिरतो. लंडन व सिडनी या दोन शहरांचेच उदाहरण घ्या. पृथ्वीच्या गोलावरून सरळात सरळ मार्ग काढला तरी त्यांच्यामध्ये सुमारे १७,००० किलोमीटर अंतर भरते. हा आकडा पूर्वी होता तोच आज आहे. पालटला आहे तो काळ. मे १७८७ मध्ये इंग्लंडहून निघालेला कैद्यांचा पहिला ताफा जानेवारी १७८८ मध्ये सिडनीच्या परिसरात पोहोचला. म्हणजे प्रवासास आठ महिन्यांहून अधिक काळ लागला. १९१९ साली रॉस व कीथ या स्मिथ बंधूंनी इंग्लंडहून ऑस्ट्रेलियातील डार्विन येथपर्यंत विमान नेले, त्यास अठ्ठावीस दिवस लागले. डिसेंबर १९४७ मध्ये क्वांटास कंपनीने सिडनी-लंडन विमानसेवा सुरू केली, तेव्हा हा प्रवास चार दिवसांवर आला. आज वाटेत एकदा उतरून तोच पल्ला सुमारे एका अहोरात्रात गाठता येतो.

यावरून माणसे एकमेकांच्या जवळ आली, असा सिद्धान्त सर्रास मांडला जातो. तो मला अपुरा वाटतो. जुन्या काळी सिडनीत वसलेल्या मनुष्यास आईच्या आजाराचे पत्र मिळे, तेव्हा ते कित्येक महिन्यांचे शिळे असे. तो गेला नाही म्हणून जग त्यास दोष देत नसे, व त्याचे मनही त्यास टोचीत नसे. कारण जेथे सामर्थ्य नाही तेथे कर्तव्यही नाही. आपल्या भाषेत दोन प्रयोग आहेत: अंतर पडणे व अंतर देणे. पहिल्यात दैवाचा हात आहे, दुसऱ्यात आपला. त्या मनुष्याच्या बाबतीत अंतर पडले होते. आज जो जाऊ शकतो व जात नाही, त्याने ते दिले आहे, मग त्याचा तसा हेतू असो वा नसो.

आईच्या बाजूनेही पाहावे. पूर्वी बंदरावर निरोप देताना ती एकदाच रडून घेई व पुढे मन आवरी. आज मुलगा एका दिवसाच्या वाटेवर आहे हे तिला ठाऊक असते; म्हणून तिची वाट पाहणे कधी संपतच नाही. ज्यांची मुले परदेशी आहेत, अशा आपल्याकडील कुटुंबांस हे समजावून सांगण्याची गरज नाही.

यावर कोणी म्हणेल की, भाडे, रजा, लहान मुले, परवाने यांचे काय? आक्षेप रास्त आहे. ज्याच्यापाशी भाड्याचे पैसे नाहीत, त्याच्यापुरते लंडन आजही आठ महिन्यांच्या वाटेवर आहे. शिवाय जेथे आपण राहतो तेथील माणसांचाही आपल्यावर हक्क असतोच. प्रत्येक हाकेसरशी धावावे, असा नियम करता येणार नाही. म्हणून या विचाराने दुसऱ्याचा न्याय करू नये. स्वतःचा मात्र अवश्य करावा. पैसा नाही, सवड नाही, किंवा मन नाही, यांपैकी जे खरे असेल ते निदान स्वतःशी तरी स्पष्ट म्हणावे. केवळ 'लांब आहे' हे उत्तर आता पुरेसे राहिलेले नाही. विमानाने आपला प्रवास हलका केला, परंतु त्याच प्रमाणात आपली जबाबदारी जड केली आहे.